तळहातावरची बस: सुपरहिरो कॉमिक हलकंफुलकं असावं की गंभीर?

प्रश्न थोडक्यात असा होता: मी आठ पानांची सुपरहिरो संहिता लिहिली आहे. नायकाला वस्तू लहान करता येतात. एक मित्र म्हणतो, विनोद फार झालेत, त्यामुळे धोका खरा वाटत नाही. दुसरा म्हणतो, सहावं पान उगाच काळवंडलंय, सुपरहिरो म्हटलं की मजा हवी. यातलं कोणाचं ऐकू? मुळात हा प्रकार हलकाफुलका असावा की गंभीर?

सोबत संहिताही पाठवलीत ते बरं केलंत. नुसता प्रश्न आला असता तर ‘गोष्टीला जे शोभेल ते करा’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून मी हात झटकले असते.

तुमचं सहावं पान इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पुलाचा कठडा तोडून बस खाली निघाली आहे. नायक हवेतच ती आगपेटीएवढी करतो, झेलतो आणि तळहातावर घेऊन पुलावरून चालू लागतो. आत चाळीस माणसं. इथवर मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. पुढच्या तीन पॅनलांत, म्हणजे चौकटींत, नायक तीन विनोद करतो: एक तिकिटावर, एक पार्किंगवर आणि एक ‘सार्वजनिक वाहतूक आता खिशात मावते’ असा. आणि पानाच्या शेवटच्या पॅनलात बसमधली एक आजी मेलेली दिसते. तीन विनोद आणि एक प्रेत, आणि चारही बाहेरून आणून ठेवलेले. तुमच्या एका मित्राला विनोद खुपले, दुसऱ्याला प्रेत खुपलं. दुखणं दोघांनाही बरोबर सापडलंय, औषध मात्र दोघांचंही चुकलंय.

बावीस वर्षं मी कॉमिक्सच्या संहिता लिहितोय आणि त्यातली निम्मीअधिक वर्षं दुसऱ्यांच्या तपासतोय. फसलेली विनोदी संहिता आणि फसलेली गंभीर संहिता, दोन्हींच्या मुळाशी मला बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडली आहे: लाज. अंगाला चिकटलेले कपडे, छातीवर चिन्ह, खांद्यावरून लोंबणारा झगा. मोठ्या माणसाने हे सगळं लिहायचं म्हणजे जरा अवघडल्यासारखं होतं. मग काहीजण दर तिसऱ्या पॅनलला वाचकाला डोळा मारतात, की बघा, हा वेडेपणा आहे हे मलाही कळतं, मी काही त्यातला नाही. काहीजण झगा काढून चामड्याचा कोट चढवतात, पाऊस पाडतात, चार मुडदे पाडतात आणि म्हणतात, आता तरी मला गंभीर लेखक म्हणा. दोघांनाही आपल्याच गोष्टीपासून दोन हात लांब उभं राहायचं असतं. तुमच्या पानावर या दोन्ही प्रकारच्या लाजा शेजारी शेजारी नांदताहेत, म्हणून ते पान मला रोचक वाटलं.

चाहत्यांमध्ये एक कहाणी फिरते, की आधी सगळं निरागस होतं आणि १९८६ साली, ‘वॉचमेन’ आणि ‘डार्क नाइट रिटर्न्स’ ही गडद कॉमिक्स आली तेव्हा, अचानक अंधार पडला. ती पुरती खरी नाही. १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सीगल आणि शुस्टरचा सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि निर्दोष बाईची फाशी थांबवायला राज्यपालाच्या घरात दार मोडून शिरतो. १९३९ मधला बॅटमॅन पहिल्याच गोष्टीत गुन्हेगाराला आम्लाच्या टाकीत जाऊ देतो आणि त्याबद्दल त्याला काडीचं वाईट वाटत नाही. १९४० तर बघण्यासारखं आहे. ज्यांच्या चेहऱ्यावर मेल्यावरही हसू गोठलेलं राहतं अशी प्रेतं मागे ठेवणारा जोकर त्या वर्षी आला, आणि कोलांट्या मारत पाचकळ कोट्या करणारा बॅटमॅनचा पोरगेला साथीदार रॉबिनही त्याच वर्षी. अंधार आणि पोरकटपणा जवळजवळ जुळ्या भावांसारखे जन्मले.

पुढे १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्सवर आरोप करणारं पुस्तक आलं, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं आणि काय नाही याची नियमावली, लादून घेतला. त्यानंतरच्या दीड दशकातला हलकेपणा काही अंशी सक्तीचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. सक्तीतूनही चांगलं काम होतं, तो भाग वेगळा.

त्या काळातली माझी आवडती गोष्ट १९५७ मधली, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २४१ मधली. बॅटमॅन रोज वेगळ्या रंगाचा पोशाख घालून बाहेर पडतो आणि शेवटी अख्खं इंद्रधनुष्य अंगावर चढवतो. मुखपृष्ठ पाहून आजही लोक हसतात. कारण वाचलंय का पण? रॉबिनच्या मुखवट्यामागच्या मुलाला, म्हणजे डिक ग्रेसनला, हाताला दुखापत झाली आहे आणि ती लोकांनी पाहिली आहे. आता रॉबिनचाही तोच हात दुखावलेला दिसला तर पोराचं गुपित फुटेल. म्हणून बॅटमॅन स्वतःचा असा काही तमाशा करून घेतो, की रॉबिनच्या हाताकडे कोणाची नजरच जाऊ नये. एका पालकाने पोरासाठी स्वतःचं हसं करून घेतलं, अशी ती गोष्ट आहे. गोष्टीत कोणी डोळा मारत नाही. गुलाबी पोशाखातला बॅटमॅन तितक्याच तन्मयतेने गुन्हेगार पकडतो. हसू येतं आणि पोटात थोडं हलतंही, आणि दोन्ही त्याच एका पोशाखामुळे.

याच्या दुसऱ्या टोकाला २००४ ची ‘आयडेंटिटी क्रायसिस’. डॉक्टर लाइट नावाचा एक खलनायक होता, ज्याची वर्षानुवर्षं फजितीच व्हायची. पोरासोरांच्या हातून मार खायचा. या मालिकेने मागे जाऊन सांगितलं, की पूर्वी त्याने स्यू डिब्नी या पात्रावर बलात्कार केला होता, आणि नंतर नायकांनी जादूने त्याच्या मेंदूत ढवळाढवळ केली म्हणून तो असा बावळट झाला. शिवाय पहिल्याच अंकात स्यूचा खून. मला ही मालिका खटकते ती अंधारामुळे नाही. एक खलनायक नुसताच हास्यास्पद असू शकतो, हे तिला सहनच होत नाही, म्हणून खटकते. बावळटपणालाही वैद्यकीय दाखला लागावा! आणि स्यू व तिचा नवरा राल्फ ही या साऱ्या गर्दीतली आनंदाने संसार करणारी, एकमेकांची चेष्टा करणारी जोडी होती. तिचं हसू गोष्टीने स्वतः कमावलं नव्हतं. दुसऱ्यांनी जमवलेलं होतं, आणि ते इथे एका फटक्यात खर्च झालं.

ते जमवणाऱ्यांत मोठा वाटा होता कीथ गिफन, डीमॅटीस आणि चित्रकार केविन मॅग्वायर यांच्या १९८७ च्या ‘जस्टिस लीग’चा. तारीख बघा. ‘वॉचमेन’ अजून संपायचं होतं, ‘डार्क नाइट रिटर्न्स’ नुकतंच येऊन गेलं होतं, आणि सगळे दात-ओठ खायला शिकत होते, तेव्हा या तिघांनी भांडखोर ऑफिससारखी एक सुपरहिरो टोळी उभी केली. पाचव्या अंकातला तो प्रसिद्ध ठोसा आठवा. टोळीतला गाय गार्डनर अंक-दोन अंक बॅटमॅनला डिवचत राहतो, आपली शक्तीची अंगठी काढून ठेवून बाह्या सरसावतो, आणि बॅटमॅन त्याला एका ठोशात झोपवतो. एकच. मागे टोळीतला थट्टेखोर ब्लू बीटल हसून लोळतो. यातली मेख कुठे आहे? बॅटमॅन विनोद करत नाही. तो त्या काळातल्या कुठल्याही गंभीर अंकातून उचलून आणावा तसाच आहे, तोंडातून अक्षर न काढणारा. त्याला जर दोन चुरचुरीत वाक्यं दिली असती, तर ठोसा फुकट गेला असता. मॅग्वायरने काढलेले चेहरे पाहा: भुवया, ओठाचा एक कोपरा, अर्धवट मिटलेले डोळे. विनोद बराचसा तिथे आहे, संवादात कमी.

ब्लू बीटलला २००५ मध्ये डोक्यात गोळी घालून मारलं, त्याच टोळीच्या संस्थापकाने. चाहते त्यावरही चिडले. मला मात्र ती गोष्ट स्यूच्या खुनापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण तिचा सगळा घाट बीटलच्या विनोदीपणावर उभा आहे. त्याला कटाचा सुगावा लागतो, तो एकेका मोठ्या नायकाकडे जातो, आणि जन्मभर थट्टा करत आलेल्या माणसाचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही. त्याच्या हसरेपणाची किंमत गोष्टीने त्याच्याकडूनच वसूल केली. क्रूर आहे, पण हिशेब चोख आहे.

‘वॉचमेन’चं नाव निघालंच आहे तर एवढंच सांगतो. त्याचं पहिलंच पॅनल म्हणजे पिवळा हसरा बिल्ला आणि त्यावर रक्ताचा ओघळ. ज्याच्या खुनाने गोष्ट सुरू होते त्याचं नाव ‘कॉमेडियन’. पुढच्या दहा वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी रक्त तेवढं उचललं आणि बिल्ला गटारातच ठेवला. ‘डार्क नाइट रिटर्न्स’ही पुन्हा उघडून बघा, टीव्हीवरच्या बडबड्या तज्ज्ञांची इतकी टवाळी आहे त्यात, आणि रॉबिन म्हणजे बेचकी घेतलेली तेरा वर्षांची पोर. ही दोन्ही पुस्तकं लोकांच्या आठवणीत आहेत त्यापेक्षा बरीच मिश्कील आहेत.

आता जरा कारागिरीकडे येऊ, कारण तुमचा प्रश्न खरं तर तिथे सुटणार आहे.

स्पायडर-मॅन विनोद का करतो? १९६२ पासूनच्या स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या अंकांत याचं उत्तर पॅनलच्या रचनेतच मिळतं. संवादाचा फुगा आणि विचाराचा फुगा एकाच पॅनलात असतात. मोठ्याने तो खलनायकाच्या शेपटीची टर उडवत असतो आणि ढगासारख्या फुग्यात मनातल्या मनात म्हणत असतो, की काकूच्या औषधाचे पैसे कुठून आणू, आणि हा पुढचा फटका बसला तर मी मेलो. हलकं आणि गंभीर यांच्यात निवड करायची वेळच येत नाही, कारण दोन्ही एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंना लटकलेले असतात. सिनेमाला हे इतक्या सहज जमत नाही. पुढे विचाराचे फुगे जुनाट ठरून मागे पडले आणि त्यांच्या जागी पहिल्या पुरुषातली चौकोनी कथनं आली. तेव्हापासून अनेक सुपरहिरोंचा स्वर नकळत एकेरी झाला, असं माझं मत आहे. चौकोनात माणूस सहसा घोगऱ्या आवाजातच बोलतो. तुम्ही फुगे वापरा असा आग्रह नाही. पण तुमचा नायक तिकिटावर विनोद करतो तेव्हा आत काय चाललंय, हे त्या पानावर कुठेच नाही. चेहऱ्यावरही नाही, तुमच्या सूचनेत चित्रकारासाठी फक्त ‘हसतो’ एवढंच आहे.

१९६६ च्या सुरुवातीचा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३३ वा अंक तुम्ही पाहिला नसेल तर पाहाच. स्पायडर-मॅन टनावारी वजनाच्या यंत्राखाली दबला आहे, छतातून पाणी ठिबकतंय, आणि काकूला वाचवणारं औषध समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर पडलंय. डिटको पानांमागून पानं त्याला तिथेच ठेवतो. पॅनल हळूहळू वाढत जातात आणि तो यंत्र उचलतो तेव्हा अख्खं पान त्याला मिळतं. या पानांवर विनोद नाही. पण आदल्या बत्तीस अंकांत हा पोरगा सतत बडबडत आलेला आहे, म्हणून त्याचं गप्प होणं ऐकू येतं. गांभीर्याला असा साठा लागतो. पहिल्या पानापासून कण्हणाऱ्या नायकाकडे गप्प होण्यासाठी काही उरतच नाही.

आणि आता ते पान, जे मी शिकवताना दर वेळी काढतो. १९७३, त्याच मालिकेचा अंक १२१, लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिनने स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली लोटलंय. स्पायडर-मॅन जाळं फेकतो, जाळं तिच्या पायाला चिकटतं, आणि ती हवेत थांबते. तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे, काहीतरी मोडल्याचा. एवढासा. नजर चुकली तर दिसणारही नाही. आणि तिला वर ओढताना स्पायडर-मॅन काय करतो? स्वतःची तारीफ करतो. आपण किती चपळ, किती रुबाबदार, किती हुशार, अशी त्याची नेहमीची आनंदी बडबड चालू असते. ती वर येते, तेव्हा गेलेली असते.

तो विनोद काढून टाका आणि प्रसंग निम्मा होतो. वाचकाने तो आवाज पाहिला आहे, नायकाने ऐकलेला नाही, आणि मधल्या दोन-तीन पॅनलांत त्याची फुशारकी आपल्याला सहन करावी लागते. ज्या जाळ्याने तिला अडवलं त्याच जाळ्याचा त्याला अभिमान वाटतोय, आणि त्याच झटक्याने ती गेली आहे. फुशारकी आणि मृत्यू एकाच कृतीतून निघाले आहेत. तुमच्या सहाव्या पानावरही विनोद आहेत आणि मृत्यू आहे, पण तिकिटाच्या विनोदाचा आजीच्या मरण्याशी काडीचा संबंध नाही. आजी का मेली तेही मला कळलं नाही. धक्क्याने? भीतीने? तुम्हाला तरी माहीत आहे का?

मृत्यूबद्दल जरा आडवळणाने एक सांगतो. १९८८ साली दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, ठेवायचं की मारायचं यावर वाचकांकडून फोनवर कौल मागवला होता. ५,३४३ विरुद्ध ५,२७१, म्हणजे ७२ मतांनी पोरगा मेला. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनला मारलं तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. तिथून पुढे मृत्यू हा गांभीर्याचा शिक्का होऊन बसला. उमटवला की झालं. त्या शिक्क्याची शाई केव्हाच वाळली आहे. वाचकाला पक्कं ठाऊक असतं की मेलेला परत येणार. चटका बसतो तो मागे राहिलेल्यांच्या वागण्याने.

मीही तो शिक्का मारून पाहिलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेत माझ्याकडे एक विनोदी सहपात्र होतं, नायिकेची यंत्रं दुरुस्त करणारी आणि प्रत्येक यंत्राला शिव्यांची नावं ठेवणारी बाई. विक्री घसरली, संपादक म्हणाले गोष्टीला वजन हवं, आणि मी चौथ्या अंकात तिला मारलं. चित्रकाराने संहिता वाचून एकच विचारलं: “पाचव्या अंकात यंत्र बिघडलं की कोण शिव्या देणार?” मला ती नुसती शंका वाटली. पाचवा अंक लिहायला बसलो तेव्हा कळलं, नायिका कोणाशी बोलणार हाच प्रश्न होता. तिच्या दुःखाबद्दल लिहायचं तरी ते ऐकणारं माणूस मी मारून बसलो होतो. मालिका सहाव्या अंकात बंद पडली, आणि ते योग्यच झालं.

हलकेपणा हा पात्राने घेतलेला निर्णयही असू शकतो, आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी वापरलेला मार्ग आहे. डेअरडेव्हिलवर फ्रँक मिलरपासून पुढे तीसेक वर्षं लेखक एकामागून एक दुःखं लादत आले. २०११ मध्ये मार्क वेडने मालिका हातात घेतली, पाओलो रिव्हेरा आणि मार्कोस मार्टिन यांनी ती उजळ, मोकळी काढली, आणि मॅट मर्डॉक, म्हणजे मुखवट्यामागचा डेअरडेव्हिल, हसायला लागला. सातव्या अंकात ऑफिसच्या नाताळच्या पार्टीला तो ‘मी डेअरडेव्हिल नाही’ असं लिहिलेला स्वेटर घालून फिरतो, आणि पुढे त्याच अंकात हिमवादळात बस उलटून अडकलेल्या शाळकरी पोरांना घेऊन बर्फातून वाट काढतो. त्या अंकाला कॉमिक्समधला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. पण वेडने गंमत अशी केली, की मॅटचा जुना मित्र फॉगी त्या हसण्यावर विश्वास ठेवत नाही. इतकं सगळं भोगलेला माणूस असा अचानक बरा कसा होईल? मॅटने आनंदी राहायचं ठरवलेलं आहे, ती त्याची रोजची कसरत आहे, आणि काही वर्षांनी त्याच लेखकाने त्याचं नैराश्य सरळ समोर आणलं. मागे जाऊन तो स्वेटर पाहिला की तो विनोद आता वेगळाच दिसतो. आणि ‘डोळा मारणं’ यापेक्षा किती वेगळं आहे हे बघा: स्वेटर मॅट घालतो, लेखक नाही.

संहिता तपासताना प्रत्येक विनोदापाशी मी समासात एकच प्रश्न लिहितो: कोण हसवतंय? पात्र हसवत असेल तर त्याला त्या क्षणी तसं का करावंसं वाटलं, ते सांगता यायला हवं. परिस्थिती हसवत असेल तर पात्रांनी गंभीर राहावं. नुसता लेखक हसवत असेल तर लाल रेघ. तुमचे तिन्ही विनोद लाल रेघेचे आहेत. पार्किंगचा खरं तर बरा आहे, वाईट वाटलं मारताना.

परिस्थितीने हसवण्याचा एक नमुना ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या पहिल्याच अंकात आहे. धांदरट क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, रस्त्यात एका माणसावर धडकतो, सगळं सांडतो, शिव्या खातो. नीट पाहिलं तर दिसतं, की त्या धडकेमुळेच तो माणूस वरून पडणाऱ्या अवजड तुकड्याखाली सापडला नाही. एक पराक्रम, जो बघणाऱ्यांना फक्त बावळटपणा दिसतो. क्लार्क माफी मागत निघून जातो. कोणी काही सांगत नाही, कथनाचा चौकोन नाही, फुगा नाही; दुसऱ्यांदा वाचणाऱ्यासाठी ठेवलेलं आहे ते.

वेळ साधण्याबद्दल. विनोद आणि भीती एकाच यंत्रावर चालतात: आधी तयारी, मग थोडं थांबणं, मग उघड करणं. छापील अंकात उघड करण्याची जागा म्हणजे पान उलटल्यावरचं डावं पान. हशा असो वा किंकाळी, तिथेच टाकावी. थांबण्याची जागा म्हणजे निःशब्द पॅनल. तेच चित्र, फक्त फुगा नाही. टॉम किंग आणि मिच जेराड्स यांच्या २०१७ च्या ‘मिस्टर मिरॅकल’मध्ये जवळपास प्रत्येक पान नऊ सारख्या पॅनलांचं आहे. गोष्ट सुरू होते नायकाच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने. पुढे एका अंकात तो आणि त्याची बायको बार्डा शत्रूच्या गडात सापळे चुकवत, सैनिक लोळवत शिरत असतात आणि तेवढा वेळ घराची डागडुजी कशी करायची यावर वाद घालत असतात. नऊ चौकटींची तीच टिकटिक एका अंकात छातीवर दडपण आणते आणि दुसऱ्यात नवरा-बायकोच्या भांडणाला ताल देते. विश्वाचा महाखलनायक डार्कसाइड उभ्या उभ्या ताटलीतलं गाजर चटणीत बुडवून खातो, तेही त्याच चौकटीत. मला ते वाचताना हसावं की घाबरावं कळलं नव्हतं, आणि अजूनही कळलेलं नाही.

याच्या उलट क्रमाचं एक छोटं उदाहरण: १९८४ मधली रॉजर स्टर्न आणि रॉन फ्रेन्झ यांची अकरा पानांची जोडकथा. स्पायडर-मॅन आपल्या एका नऊ वर्षांच्या चाहत्याला भेटायला रात्री खिडकीतून जातो. गप्पा, कात्रणं, थट्टामस्करी, आणि शेवटी चक्क मुखवटा काढून स्वतःचं नाव सांगतो. पोराला एवढं मोठं गुपित का दिलं, हे शेवटच्या पानावर इमारत बाहेरून दिसते तेव्हा कळतं. ते कॅन्सरचं रुग्णालय आहे. दहा पानं हलकी ठेवायचं धैर्य स्टर्नकडे होतं.

रंगांबद्दल फार लिहीत नाही. काळ्या-निळ्या रंगाने गोष्ट गंभीर होत नाही, फक्त वाचायला त्रास होतो. तुमच्या सूचनांत आठ पानांत पाच वेळा ‘अंधारलेलं’ आहे, त्यातले चार काढा. निखळ हलकं लिहायचं असेल तर रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांची २०१५ पासूनची ‘स्क्विरल गर्ल’ वाचा. तिथे नायिका ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसलाही बोलून-समजावून वाटेला लावते, आणि ते चालतं, कारण समोरच्याला नेमकं काय हवंय याचा विचार ती खरोखर करते. त्या मालिकेत फार कोणी मरत नाही. तरी तिला उथळ म्हणायची माझी हिंमत नाही.

तर तुमची बस. ती तुमच्याकडे आहे हे तुमचं नशीब आहे, कारण या एका कल्पनेत दोन्ही गोष्टी आधीच भरलेल्या आहेत. नुसता विचार पुढे न्या. माणसाच्या तळहातावर आगपेटीएवढी बस आहे. त्याचा हात जरासा थरथरला तर आतल्यांसाठी भूकंप. त्याने श्वास सोडला तर वादळ. तो मोठ्याने ‘घाबरू नका’ म्हणाला तर काचा तडकतील. बोलायची सोय उरली नाही. तुमचा बडबड्या नायक आयुष्यात पहिल्यांदा गप्प होतो, आणि तीन पॅनलं तुम्हाला मोकळी मिळतात. त्याला शिंक येतेय. हे एक पॅनल. वाचक हसेल, आणि लगेच त्याचा श्वास अडकेल, कारण आत चाळीस माणसं आहेत. नायकाने नाक दाबून धरलंय, डोळ्यांत पाणी आलंय, हात मात्र हलता कामा नये. मग आतून बघा: खिडकीबाहेर आभाळाएवढा चेहरा, एका डोळ्यातून ओघळणारा धबधबा. आजीला तिथे बसवा. मारू नका. ती त्या राक्षसी डोळ्याकडे बघते आणि पिशवीतून आपला रुमाल काढून काचेला लावते, त्याला द्यायला. रुमाल टाचणीच्या डोक्याएवढा आहे.

आता सातव्या पानावर बस पुन्हा मोठी करायची आहे, आणि तुम्ही लिहिलंय की त्याची शक्ती थकल्यावर नीट चालत नाही. म्हणजे धोका अजून बाकी आहे. सहाव्याचं शेवटचं पॅनल रुमालाचं ठेवा, आणि सातव्याचं पहिलं पॅनल काय असेल ते तुम्ही ठरवून मला पाठवा. शिंक आवरली की नाही, तेही तुमच्यावर.